‘सिग्निफिकन्स’ म्हणजे नेमकं काय? प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी, शाखेनुसार

व्हायवा चालू होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळून मिटला आणि विचारलं, "बरं, तुमच्या संशोधनाचं सिग्निफिकन्स काय?" विद्यार्थिनीनं क्षणात उत्तर दिलं, "सर, पॉइंट झिरो फाइव्ह."

मी बाजूच्या खुर्चीत हसू दाबून बसलो होतो. घरी जाताना मात्र जाणवलं की चूक तिची नाही. परीक्षक विचारत होते, ‘हे काम कुणाला हवं होतं?’ आणि ती सांगत होती, ‘हा फरक योगायोगानं आलेला नसावा, असं मी कुठल्या निकषावर म्हणतेय.’ दोन्हीसाठी इंग्रजीत एकच शब्द. मीही वर्गात तो वर्षानुवर्षं दोन्ही अर्थांनी वापरत आलो आणि कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे कधी सांगितलं नाही.

मराठीत खरं तर ही अडचण यायला नको. आपल्या एम.एड.च्या लघुशोधप्रबंधात पहिल्या प्रकरणात ‘संशोधनाची गरज व महत्त्व’ असतं आणि विश्लेषणाच्या प्रकरणात ‘0.05 सार्थकता स्तरावर’ असतं. दोन शब्द, दोन जागा. घोळ होतो तो इंग्रजी पेपर वाचून मराठीत उतरवताना. ‘सिग्निफिकंट डिफरन्स’चा ‘महत्त्वपूर्ण फरक’ होतो आणि पन्नासपैकी अर्ध्या गुणाचा फरक एकदम महत्त्वाचा होऊन बसतो.

पहिली पायरी: प्रश्न कुठला, ते आधी ठरवा

‘सिग्निफिकन्स’ या एका शब्दाआड चार वेगळे प्रश्न लपलेले असतात. जे दिसलं ते निव्वळ योगायोगानं दिसू शकलं असतं का? हा सार्थकतेचा प्रश्न. जे दिसलं ते केवढं आहे? हा परिणामाच्या आकाराचा. तेवढ्यानं रुग्णाला, शेतकऱ्याला, शाळेतल्या मुलाला काही फरक पडतो का? हा उपयोगाचा. आणि हे कळल्यामुळे आपल्या विषयातलं काय हललं? हा महत्त्वाचा.

एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरत नाही. सार्थकता आहे पण उपयोग शून्य, असं होतं. महत्त्व प्रचंड पण सार्थकता मोजायची सोयच नाही, असंही होतं. म्हणून कच्च्या खर्ड्यात ‘सिग्निफिकंट’ हा शब्द येईल तिथे समासात यातला कुठला प्रश्न ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. दोन प्रश्न लिहावेसे वाटले, तर त्या वाक्याची दोन वाक्यं करायला हवीत.

दुसरी पायरी: सार्थकता समजून घ्या, चहाच्या कपात

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत होते. तिथल्या म्युरिएल ब्रिस्टल या शैवाल-अभ्यासक बाईंचं म्हणणं असं, की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळतं. फिशर यांनी या दाव्याचा प्रयोग बांधला आणि 1935 मध्ये तो पुस्तकात सविस्तर मांडला. आठ कप: चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा तसा. बाईंनी ‘आधी दुधाचे’ चार कप ओळखून काढायचे.

आता हिशोब करू. आठांतून चार कप निवडायचे 70 प्रकार आहेत आणि त्यातला एकच पूर्ण बरोबर. चवीतलं काहीही कळत नसताना नुसत्या अंदाजानं सगळं बरोबर यायची शक्यता सत्तरात एक, म्हणजे 1.4 टक्के. पण एक चुकला, म्हणजे चारांपैकी तीन बरोबर आले, तर? तसे 16 प्रकार आहेत. पूर्ण बरोबरचा एक धरून 17. सत्तरात सतरा, म्हणजे 24 टक्के. चारात तीन ऐकायला चांगले वाटतात, पण चारपैकी जवळपास एका वेळी अंदाजानंही जमेल. आणि सहाच कप ठेवले असते, तर एकूण प्रकार 20, म्हणून सगळे बरोबर आले तरी विसात एक, बरोबर पाच टक्के.

‘पी’ मूल्य म्हणजे एवढंच. *खरोखर काहीच नसतं, तर इतकं किंवा याहून जास्त ठळक दिसण्याची शक्यता किती?* यातला ‘काहीच नसतं तर’ हा तुकडा विद्यार्थी गाळतात आणि मग ‘आमचा निष्कर्ष खरा असण्याची शक्यता 95 टक्के’ असं लिहितात. ते साफ चूक आहे. पी मूल्य निष्कर्षाच्या खरेपणाची टक्केवारी सांगत नाही. अमेरिकेच्या सांख्यिकी संघटनेला 2016 मध्ये हे सांगण्यासाठी खास निवेदन काढावं लागलं, यावरून हा गैरसमज किती मुरलाय ते कळेल.

मग 0.05 आलं कुठून? फिशर यांनी 1925 मध्ये विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. सरासरीपासून साधारण दोन प्रमाण विचलनं (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), लक्षात ठेवायला सोपं. त्यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. आणि ‘सिग्निफिकंट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात सांख्यिकीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ ‘काहीतरी सुचवणारा’ असा होता. मराठीत तेव्हाच भाषांतर झालं असतं तर ‘सूचक’ हा शब्द बसला असता आणि पुढचा बराच मनस्ताप वाचला असता, असं मला नेहमी वाटतं. ‘सार्थक’ म्हटलं की कानाला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी: पी मूल्याशेजारी आकार लिहा

इथे मी प्रत्येक विद्यार्थ्याला फळ्यावर तीन उदाहरणं करायला लावतो. आकडे कल्पित आहेत, पण गणित खरं आहे. तुम्हीही कागद घ्या.

नवीन अध्यापन पद्धती आणि नेहमीची पद्धती, 50 गुणांची चाचणी, दोन्ही गटांत प्रमाण विचलन 6.

समजा, प्रत्येक गटात 30 मुलं. सरासरी 31.2 आणि 34.6, फरक 3.4 गुणांचा. फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगानं फरक साधारण किती हलू शकतो ते) 1.55, म्हणून टी मूल्य, म्हणजे फरक भागिले प्रमाण त्रुटी, सुमारे 2.2. स्वाधीनता मात्रा 58 (एकूण 60 मुलं वजा दोन गट) असताना 0.05 स्तरावर लागतं 2.00 आणि 0.01 स्तरावर 2.66. म्हणजे पहिल्या स्तरावर सार्थक, दुसऱ्यावर नाही. 95 टक्के विश्वास मर्यादा, म्हणजे या माहितीशी जुळणारा खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा, 0.3 ते 6.5 गुण. फरक प्रमाण विचलनाच्या 0.57 पट, म्हणजे मध्यम.

आता प्रत्येक गटात 3000 मुलं घ्या आणि फरक फक्त अर्धा गुण. प्रमाण त्रुटी 0.155, टी मूल्य 3.2. हा 0.01 स्तरावरही सार्थक! आकार मात्र प्रमाण विचलनाच्या 0.08 पट. पन्नासात अर्ध्या गुणासाठी कुठली शाळा पद्धत बदलेल?

तिसरं: प्रत्येक गटात 8 मुलं, फरक 5 गुण. प्रमाण त्रुटी 3, टी मूल्य 1.67. लागतं 2.145, म्हणून सार्थक नाही. इथे बहुतेक जण लिहितात, ‘नवीन पद्धतीचा परिणाम होत नाही.’ विश्वास मर्यादा काढून पाहा: उणे 1.4 ते अधिक 11.4. म्हणजे परिणाम शून्य असू शकतो आणि अकरा गुणही असू शकतो. इथे खरं वाक्य एकच, ‘आठ-आठ मुलांवरून सांगता येत नाही.’

तीन उदाहरणं शेजारी ठेवली की दिसतं: सर्वांत छोटा फरक सर्वांत ‘सार्थक’ निघाला आणि सर्वांत मोठा ‘असार्थक’. पी मूल्यात फरकाइतकीच नमुन्याची संख्याही बोलत असते. म्हणून नुसतं ‘पी 0.05 पेक्षा कमी’ लिहून थांबू नका. फरक, विश्वास मर्यादा आणि आकार, तिन्ही त्याच ओळीत द्या.

चौथी पायरी: तुमच्या शाखेचा उंबरठा कोणता, आणि का

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र इथे 0.05. अर्थशास्त्राच्या तक्त्यांत एक, दोन, तीन तारे असतात, बहुधा 10, 5 आणि 1 टक्क्यासाठी. पण एका ताऱ्याला काही मासिकांत 10 टक्के आणि काहींत 5 टक्के असा अर्थ असतो, म्हणून तक्त्याखालची टीप वाचल्याशिवाय तारे मोजू नका.

कृषी विद्यापीठातल्या प्रबंधात पी मूल्य सहसा दिसतच नाही. तिथे तक्त्याच्या तळाशी ‘सी.डी. 5 टक्के’ (सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स) अशी ओळ असते. दोन उपचारांच्या सरासरींतला फरक त्या आकड्याहून मोठा असेल तर सार्थक, नाहीतर ‘एन.एस.’, म्हणजे नॉट सिग्निफिकंट. समजा, सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन एका खतमात्रेला 22.4 क्विंटल आणि दुसरीला 24.1, सी.डी. 2.1. फरक 1.7, म्हणून एन.एस. त्याच प्रबंधात दोन पानांनंतर दुसरी मात्रा ‘अधिक फायदेशीर’ म्हणून शिफारस केलेली मी पाहिली आहे, नफा-खर्च गुणोत्तराच्या जोरावर. ज्या फरकाला तुम्ही आत्ताच योगायोग असू शकतो म्हणालात, त्याच फरकाला बाजारभावानं गुणून नफा कसा निघतो, हे परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

कणभौतिकीत उंबरठा ‘पाच सिग्मा’ (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) आहे, म्हणजे खरोखर काहीच नसताना इतकं ठळक दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक. 4 जुलै 2012 रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन स्वतंत्र प्रयोगांनी हिग्ज बोसॉनसारख्या कणाची घोषणा केली ती या निकषावर. त्यातल्या सीएमएस प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती. इतका कडक निकष का? कारण ते लोक एकाच वेळी असंख्य जागी ‘काही दिसतंय का’ म्हणून शोधत असतात, आणि हजार ठिकाणी पाहिलं की कुठेतरी काहीतरी दिसणारच. डिसेंबर 2015 मध्ये त्याच दोन प्रयोगांत 750 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक उंचवटा दिसला. सैद्धांतिकांनी त्यावर शेकडो पेपर लिहिले. ऑगस्ट 2016 पर्यंत जास्त माहिती जमली आणि उंचवटा नाहीसा झाला.

जनुकशास्त्रात तेच तत्त्व उघडपणे आकड्यात दिसतं. संपूर्ण जनुकसंचात एखाद्या आजाराशी जोडलेली जागा शोधताना साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्या होतात असं धरतात. 0.05 ला दहा लाखांनी भागा: दोन कोटींत एक. तोच त्यांचा उंबरठा.

आपण लहान माणसं वीसच चाचण्या करतो. तरी वीस चाचण्यांत, खरोखर काहीच नसताना, निदान एक सार्थक यायची शक्यता 64 टक्के आहे. लिंगनिहाय, माध्यमनिहाय, ग्रामीण-शहरी, अनुदानित-विनाअनुदानित असे तक्ते पाडत गेलं की एक तारा मिळतोच. 2009 मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली. हजारो बिंदूंच्या चाचण्यांना दुरुस्ती न लावता पाहिलं, तर माशाच्या मेंदूत ‘सार्थक’ हालचाल निघाली. म्हणून नियम: किती चाचण्या केल्या ते सगळं लिहा, आलेल्या-न आलेल्या सकट, आणि मुख्य परिकल्पना कुठली ते माहिती गोळा करण्याआधी सिनॉप्सिसमध्ये ठरलेलं असू द्या.

कडक उंबरठा सगळ्यांतून वाचवतो असंही नाही. 2011 मध्ये ऑपेरा या कणभौतिकीतल्या प्रयोगाला न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं, सार्थकता सहा सिग्मा. नंतर कळलं, प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती. सार्थकतेची चाचणी फक्त योगायोगाला प्रश्न विचारते, सैल केबलला नाही. आपल्याकडची सैल केबल म्हणजे प्रायोगिक गटाला शिकवणारे सर स्वतःच संशोधक असणं.

पाचवी पायरी: उपयोगाचा प्रश्न वैद्यकाकडून शिका

या बाबतीत वैद्यकशास्त्र सगळ्यांत पोळलेलं आहे, म्हणून सगळ्यांत शहाणंही. अमेरिकेत सुमारे 22,000 पुरुष डॉक्टरांवर अ‍ॅस्पिरिनचा प्रसिद्ध प्रयोग झाला. साधारण पाच वर्षांत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या 11,037 जणांपैकी 139 जणांना हृदयविकाराचा झटका आला आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या 11,034 पैकी 239 जणांना. पी मूल्य अतिशय छोटं. बातमी करायची तर ‘धोका 44 टक्क्यांनी कमी’. खरंच आहे. पण त्याच आकड्यांतून असंही निघतं: 2.17 टक्क्यांवरून 1.26 टक्क्यांवर, म्हणजे टक्क्याला थोडा कमी. सुमारे 110 जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा झटका टळेल. रक्तस्रावाचा धोका पत्करून तेवढं परवडतं का, हा निर्णय पी मूल्य देत नाही. तो समोर बसलेल्या माणसाच्या वयावर आणि आजारावर ठरतो.

याहून टोकाचं उदाहरण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. नेहमीच्या औषधाला एर्लोटिनिबची जोड दिली तेव्हा मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 5.91 महिन्यांवरून 6.24 महिने झालं. पी 0.038, सार्थक, आणि औषधाला अमेरिकेत मंजुरीही मिळाली. फरक दहा दिवसांचा. दहा दिवस कमी की जास्त, हे मी सांगणार नाही. पण ‘आयुर्मानात सार्थक वाढ’ एवढंच लिहून दहा दिवस हे शब्द जो गाळतो, तो वाचकाशी प्रामाणिक नाही.

भारतीय कायद्यानंही या शब्दाशी झगडून पाहिलंय. पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) नुसार जुन्या रेणूच्या नव्या रूपाला पेटंट हवं असेल, तर परिणामकारकतेत ‘सिग्निफिकंट’ फरक दाखवावा लागतो. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात नवं रूप शरीरात 30 टक्के जास्त प्रमाणात उपलब्ध होतं, असा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी सांगितलं की परिणामकारकता म्हणजे आजार बरा करण्यातली परिणामकारकता. नुसतं जास्त उपलब्ध होणं म्हणजे ती वाढली असं नाही. 30 टक्के हा फरक खरा होता, पण कायद्याला हव्या असलेल्या गोष्टीतला नव्हता. हा खटला मी संशोधन पद्धतीच्या वर्गात हटकून सांगतो, कारण ‘कशातला फरक?’ हा प्रश्न इतका लखलखीत दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आणि चारही प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळालेलं उदाहरण आपल्याच घरचं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं सुमारे 62 टक्के कमी. योगायोग? पी 0.001 पेक्षा कमी. आकार? हजारी साधारण साठ मृत्यूंवरून पंचवीसच्या आसपास. उपयोग? ती बाळं. महत्त्व? आजारी नवजात बाळाला रुग्णालयाशिवाय वाचवता येत नाही ही समजूत हलली, आणि 2011 पासून आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला.

त्याच संस्थेचा 1989 चा अभ्यास शेजारी ठेवा. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी, 92 टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. इथे दोन गटांची तुलना नाही, की परिकल्पनेची चाचणी नाही. या अभ्यासाचं सगळं वजन एका गोष्टीत आहे: जे कुणी मोजलंच नव्हतं ते मोजलं.

सहावी पायरी: पी मूल्य नसलेल्या शाखेत असाल, तर उसनं आणू नका

पुरातत्त्वाचा विद्यार्थी एकदा मला म्हणाला, "सर, आमच्याकडे सार्थकता काढता येत नाही, म्हणजे आमचं संशोधन कच्चं का?" मुळीच नाही. डेक्कन कॉलेजनं घोड नदीकाठच्या इनामगावला उत्खनन केलं तेव्हा पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचं मातीचं मोठं भांडं मिळालं, आत बसवून पुरलेला प्रौढ पुरुष. अशा भांड्यात सांगाडा मिळालेलं दफन एकच. एकाचं पी मूल्य काय काढणार? त्याचं वजन संदर्भातून येतं: घर बाकीच्यांहून मोठं, शेजारी धान्यकोठार, दफनाची रीत इतरांहून वेगळी. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून त्या वस्तीत कुणी प्रमुख होता, असा युक्तिवाद उभा राहतो. तुमच्या प्रबंधात ‘महत्त्वपूर्ण अवशेष’ असं लिहिलं असेल, तर पुढच्याच ओळीत ‘कारण’ यायला हवं, आणि ते कारण अवशेषाच्या बाहेरच्या दुसऱ्या पुराव्याला बांधलेलं हवं.

पाठचिकित्सेत तर मला सार्थकतेची सगळ्यांत देखणी कल्पना सापडते. एका ग्रंथाच्या पन्नास हस्तलिखितांत बरोबर पाठ सारखा असला, तर त्यावरून हस्तलिखितांच्या नात्याबद्दल काही कळत नाही. बरोबर ते सगळ्यांकडे असणारच. दोन पोथ्यांत चूक सारखी असली, तर मात्र कान टवकारायचे. पण कुठलीही चूक चालत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दोन लेखनिक स्वतंत्रपणे करतील. दोघांनी एकच अर्धी ओळ गाळली आणि दोघांनी त्या जागी एकच विचित्र शब्द घातला, तर दोन्ही पोथ्या एका आईच्या. ‘हे योगायोगानं झालं असतं का?’ हाच चहाच्या कपाचा प्रश्न, फक्त आकड्याशिवाय विचारलेला. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती असो की ज्ञानेश्वरीच्या पाठांचा अभ्यास, पाठभेदांची नुसती यादी देऊन भागत नाही. कुठला पाठभेद बोलतो आणि कुठला नुसता गोंगाट, हे सांगावं लागतं.

भाषाविज्ञानात एक जोडी पुरते. ‘जरा थांब’ मधला जरा आणि ‘जराजर्जर’ मधली जरा (म्हातारपण): अक्षर तेच, पण उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. म्हणजे मराठीत हे दोन ‘ज’ अर्थभेदक आहेत. यासाठी शंभर जणांचा नमुना लागत नाही.

दोन्ही जगांत पाय ठेवून उभे राहिलेले धर्मानंदपुत्र दामोदर कोसंबी इथे आठवतात. गोव्यात जन्मलेला हा गणिती प्राचीन आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी एकेक करून तराजूत घालत बसला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन घटतं. नाण्याच्या मागच्या बाजूला वेळोवेळी मारलेले ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांना दिसलं. ही झीज कशी होते हे पाहायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. एका नाण्याच्या वजनाला काही अर्थ नाही, तो सरासरीला आहे. पण सरासरीला इतिहासात अर्थ कुठला, हे ठरवायला ठसे वाचावे लागले. सार्थकता संख्याशास्त्रातून, महत्त्व इतिहासातून.

गणिताचं थोडक्यात. तिथे सिद्धतेनंतर शंका उरत नाही, म्हणून महत्त्व म्हणजे त्या निकालाला किती दुसऱ्या गोष्टी जोडलेल्या आहेत. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दाखवलं, की सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या वजा लहानात लहान, असं करत गेलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. बराच काळ याला ‘गंमत’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. आज ही संख्या जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. महत्त्वाचा निकाल पंचांच्या पहिल्या बैठकीत लागतोच असं नाही.

सातवी पायरी: ‘संशोधनाचे महत्त्व’ हा भाग लिहिणं

बहुतेक प्रबंधांत हा भाग असा असतो: ‘प्रस्तुत संशोधन विद्यार्थी, शिक्षक, पालक, मुख्याध्यापक, अभ्यासक्रम निर्माते व शासन यांना उपयुक्त ठरेल.’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. त्यात विषयाचा एकही शब्द नाही. कुठल्याही प्रबंधातून काढून कुठल्याही प्रबंधात चिकटवा, कळणार नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहा. आत्तापर्यंत काय माहीत आहे, एका वाक्यात. नेमकं काय माहीत नाही किंवा कशाबद्दल मतभेद आहेत. आणि तुमचं उत्तर ‘होय’ आलं तर कोण काय वेगळं करेल, ‘नाही’ आलं तर काय वेगळं करेल. तिसरं फार कठीण जातं, म्हणूनच ते करायचं. दोन्ही उत्तरांवर कुणीच काही वेगळं करणार नसेल, तर विषय बदलायची वेळ आरआरसीच्या, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या बैठकीच्या, आधी आहे, नंतर नाही.

नमुना म्हणून: ‘कोरकू मातृभाषा असलेल्या मुलांना पहिलीत मराठी वाचन जड जातं हे शिक्षक सांगतात. अडचण अक्षरओळखीत आहे की शब्दार्थात, याबद्दल मात्र एकमत नाही. अक्षरओळखीत निघाली तर सराव वाढवावा लागेल. शब्दार्थात निघाली तर सराव वाढवून उपयोग नाही, कोरकूतून शब्द समजावणारं साहित्य लागेल.’ चार वाक्यं, पण परीक्षक पुढचं पान उलटतील.

आठवी पायरी: शेवटची झाडाझडती

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिग.’ या रकान्यात .000 दिसलं म्हणून ‘पी = 0.000’ लिहू नका. शक्यता शून्य झालेली नाही, यंत्रानं तीन दशांशांवर थांबून दाखवलंय. ‘0.001 पेक्षा कमी’ लिहा. 0.06 आलं तर ‘सार्थकतेच्या जवळ’ असं म्हणू नका, 0.04 आलं असतं तर ‘असार्थकतेच्या जवळ’ म्हणाला असतात का? असार्थक तक्ते गाळू नका. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मुळात त्यातले 97 टक्के सार्थक होते, पुन्हा केल्यावर 36 टक्केच तसे आले. अशा फुगवट्याचं एक मोठं कारण म्हणजे असार्थक निकाल कपाटात राहणं.

मग फाइल उघडा, शोधाच्या चौकटीत ‘सिग्निफिकंट’, ‘महत्त्वपूर्ण’, ‘लक्षणीय’ हे तीन शब्द एकेक करून घाला आणि प्रत्येक जागी थांबा. सांख्यिकीतलं असेल तर ‘सार्थक’ करा आणि शेजारी आकडा द्या. मोठं म्हणायचं असेल तर किती मोठं ते लिहा. महत्त्वाचं म्हणायचं असेल तर कुणाला ते लिहा. यातलं काहीच लिहिता येत नसेल, तर शब्द काढून टाका. वाक्य बहुतेक वेळा तसंच उभं राहतं.

‘पॉइंट झिरो फाइव्ह’ म्हणणारी विद्यार्थिनी दुरुस्त्या करायला माझ्याकडे आली तेव्हा आम्ही हेच केलं. इंग्रजी सारांशात ‘सिग्निफिकंट’ अकरा वेळा होतं. संध्याकाळपर्यंत तीन उरले, आणि तिन्हींच्या शेजारी टी मूल्य होतं.